नियमांची किंमत आणि विधिमंडळाची देखरेख : मुळशी तालुक्याचा अनुभव

१. प्रस्तावना

कायदे विधिमंडळ करते, हे राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमातील प्राथमिक विधान होय. तथापि नागरिकाच्या रोजच्या जीवनाला प्रत्यक्ष भिडणारा मजकूर बहुतांशी कायद्याच्या कलमांत नसतो. शेतजमिनीवर नगर वसवता येईल काय, डोंगरउतारावर किती बांधकाम करता येईल, परवानगी कोणी द्यावयाची, या प्रश्नांची उत्तरे नियम, विनियम आणि अधिसूचना यांतून मिळतात. ती तयार करण्याचे काम शासनाचे विभाग व प्राधिकरणे करतात. अशा नियमांमुळे समाजावर मोठा आर्थिक वा पर्यावरणीय भार पडणार असेल, तर लोकप्रतिनिधींनी त्याची तपासणी केव्हा आणि कशी करावी, हा संसदीय लोकशाहीतील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. १९२१ मध्ये सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाने खासगी कंपनीच्या धरणासाठी होणाऱ्या भूसंपादनाचा प्रश्न देशापुढे मांडला होता. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी याच तालुक्याचे भवितव्य एका अधिसूचनेने बदलले. प्रस्तुत लेखात त्या घटनाक्रमाच्या आधारे विधिमंडळीय देखरेखीचे स्वरूप आणि तिच्या मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

२. प्रत्यायुक्त विधानाची संकल्पना

विधिमंडळाने कायद्याद्वारे कार्यकारी यंत्रणेकडे नियम करण्याचा अधिकार सोपवणे म्हणजे प्रत्यायुक्त विधान होय. विषयांची तांत्रिकता, वेळेचा अभाव आणि बदलत्या परिस्थितीनुसार तपशील बदलण्याची गरज ही त्यामागील सर्वमान्य कारणे आहेत. मात्र या अधिकाराला मर्यादा आहे. दिल्ली लॉज अ‍ॅक्ट प्रकरणात (१९५१) सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत कायदेकारी कार्य विधिमंडळाला दुसऱ्याकडे सोपवता येत नाही, हे तत्त्व मांडले. धोरण विधिमंडळाने ठरवावे आणि तपशील शासनाने भरावा, असा त्याचा मथितार्थ आहे. व्यवहारात मात्र तपशील कोठे संपतो आणि धोरण कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण असते.

३. विधिमंडळाची साधने

देखरेखीची मुख्य साधने तीन आहेत. पहिले साधन विधेयकासोबतच्या ज्ञापनांचे. सोपवल्या जाणाऱ्या अधिकारांविषयी स्वतंत्र ज्ञापन जोडावे लागते आणि शासकीय तिजोरीतून खर्च होणार असल्यास वित्तीय ज्ञापनही द्यावे लागते. दुसरे साधन नियम सभागृहासमोर ठेवण्याचे. राज्याच्या कायद्यांत सामान्यतः अशी तरतूद असते की, केलेला नियम दोन्ही सभागृहांसमोर एकूण ३० दिवस ठेवला जावा आणि सभागृहांनी सहमतीने बदल केल्यास तो त्या बदललेल्या स्वरूपातच अंमलात राहावा. अ‍ॅटलस सायकल विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्याच्या निकालात अशा तरतुदींचे तीन प्रकार विशद झाले आहेत : केवळ माहितीसाठी ठेवणे, नकारात्मक ठरावाच्या अधीन ठेवणे आणि होकारात्मक ठरावाच्या अधीन ठेवणे. तिसऱ्या प्रकारात सभागृहाच्या संमतीची अट असल्याने ते नियंत्रण सर्वांत प्रभावी ठरते.

तिसरे साधन समितीचे. लोकसभेची प्रत्यायुक्त विधानविषयक समिती १९५३ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्र विधानमंडळात हे काम उपविधान समितीकडे आहे. नियम मूळ कायद्याच्या मर्यादेत आहे काय, त्याला अधिकार नसताना पूर्वलक्षी प्रभाव दिला आहे काय, यांसारख्या कसोट्यांवर अशा समित्या तपासणी करतात. नियमाचा समाजावर किती भार पडेल हे मोजणे हा त्यांच्या कामाचा गाभा नाही.

४. मुळशीतील घटनाक्रम

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम २० अन्वये मंजूर प्रादेशिक योजनेत फेरबदल करता येतो. त्यासाठी हरकती व सूचना मागवाव्या लागतात. सभागृहाची संमती मात्र लागत नाही. याच मार्गाने नोव्हेंबर १९९६ मध्ये गिरिस्थान स्वरूपाच्या क्षेत्रांत पर्यटनस्थळे, विश्रामगृहे व नगरे यांच्या विकासासाठी विशेष विनियम लागू करण्यात आले. जून २००१ मध्ये मुळशी व वेल्हे तालुक्यांतील १८ गावांचे क्षेत्र गिरिस्थान म्हणून निर्देशित झाले. हे क्षेत्र मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या परिसरात येते. पुढे तेथे ‘लवासा’ हा प्रकल्प उभा राहिला. महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाची सुमारे १४१ हेक्टर जमीनही प्रकल्पासाठी भाडेपट्ट्याने देण्यात आली.

जून २००८ मध्ये शासनाने प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीलाच त्या क्षेत्राचे विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्त केले. बांधकाम करणारा आणि बांधकामास परवानगी देणारा यांतील अंतर त्यामुळे जवळजवळ नाहीसे झाले. हा बदल एखाद्या विधेयकाद्वारे सुचवला गेला असता, तर त्यावर दोन्ही सभागृहांत चर्चा अटळ होती. अधिसूचनेच्या मार्गाने तो चर्चेविना झाला.

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याविषयी नोटीस दिली आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पहिल्या टप्प्याला सशर्त मंजुरी दिली. २०१२ मध्ये विधिमंडळात सादर झालेल्या भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या अहवालात जमिनीच्या भाडेपट्ट्यासह प्रकल्पाला मिळालेल्या सवलतींविषयी आक्षेप नोंदवले गेले. त्यानंतर विषय विधिमंडळाच्या लोकलेखा समितीकडे आला. समितीने विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा काढून घेण्याची शिफारस केली आणि २०१७ मध्ये शासनाने तो रद्द करून नियोजनाचे अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिले. २०१८ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाविरुद्धची जनहित याचिका निकाली काढली. हस्तक्षेप नाकारताना याचिका दाखल करण्यास झालेल्या विलंबाचे कारण न्यायालयाने दिले.

५. या अनुभवातून दिसणारी त्रुटी

विधिमंडळाची देखरेख मुळशीत अपयशी ठरली असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. लोकलेखा समितीच्या शिफारशीनंतर एक महत्त्वाचा निर्णय मागे घेतला गेला, हे तिचे यशच होय. परंतु ते यश १९९६ च्या विनियमांनंतर दोन दशकांनी आणि नियुक्तीनंतर नऊ वर्षांनी आले. तोवर डोंगर कापले गेले होते, जमिनींचे हस्तांतर झाले होते, घरे विकली गेली होती. घर घेणारे, गुंतवणूकदार आणि मूळ ग्रामस्थ या सर्वांचे हितसंबंध त्यात गुंतले होते. अशा वेळी प्राधिकरण बदलता येते, पण भूगोल पूर्ववत करता येत नाही.

विलंबाचे कारण व्यक्तींपेक्षा रचनेत अधिक आहे. लोकलेखा समितीची तपासणी मुख्यतः लेखापरीक्षणाच्या अहवालापासून सुरू होते, म्हणजे व्यवहार घडून गेल्यानंतर. उपविधान समिती नियमांची वैधता पाहते, परंतु प्रादेशिक योजनेतील फेरबदलासारखे दस्तऐवज सभागृहासमोर संमतीसाठी येत नाहीत. वित्तीय ज्ञापन शासकीय तिजोरीवरील भाराची माहिती देते. पाणलोटावर, गावाच्या पाण्यावर, चराऊ रानावर किंवा पुणे शहराच्या पाणीपुरवठ्यावर पडणाऱ्या भाराचा त्यात उल्लेख नसतो. वरसगाव हे पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतील धरण असल्याने हा मुद्दा केवळ अठरा गावांपुरता राहत नाही. तिजोरीतून फारसा पैसा न जाताही एखादा विनियम अत्यंत महाग असू शकतो, हे मुळशीचे सार आहे.

ही त्रुटी भूतकाळात जमा झालेली नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या मोठ्या भागासाठी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली, तीही अधिसूचनेनेच. पुणे महानगर प्रदेशाच्या प्रारूप विकास योजनेवर २०२१ मध्ये सुमारे ६७ हजार हरकती व सूचना आल्या. पुढे २०२५ मध्ये शासनाने तो मसुदा रद्द करण्याचा निर्णय घेतला. नागरिक हरकत घेऊ शकतात, पण त्यांच्या प्रतिनिधींच्या सभागृहाला औपचारिक भूमिका नाही, ही विसंगती लक्षणीय आहे.

६. तुलनात्मक दृष्टी

अमेरिकेतील काही राज्यांनी नियमाच्या किमतीलाच देखरेखीची कसोटी मानले आहे. फ्लॉरिडात २०१० च्या कायद्यानुसार, अंमलबजावणीपासूनच्या पाच वर्षांत १० लाख डॉलरपेक्षा अधिक भार टाकणारा नियम विधिमंडळाने अनुमोदन दिल्याशिवाय अंमलात येत नाही. विस्कॉन्सिनने २०१७ मध्ये कोणत्याही दोन वर्षांत एक कोटी डॉलरपेक्षा अधिक अनुपालनखर्चाच्या नियमांसाठी कायद्याद्वारे संमतीची अट घातली.

या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. उद्योगांवरील खर्च मोजणे सोपे असते, तर स्वच्छ पाण्याचा किंवा आरोग्याचा लाभ मोजणे अवघड. त्यामुळे लोकहिताचे नियमही अडून पडण्याचा धोका असतो. शिवाय सत्ताविभाजनाचा प्रश्न उरतो. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये विधिमंडळाच्या एका समितीला स्वतःच्या अधिकारात नियम रोखून धरण्याची मुभा देणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. संमती वा नकार संपूर्ण सभागृहाने कायद्याच्या रीतीने द्यावा, हा त्यातील बोध आहे. मुळशीत तर बंधने घालणाऱ्या नियमापेक्षा बंधने सैल करणारा विनियम महाग पडला. म्हणून किंमत मोजताना ती कोणावर पडते हेही पाहणे आवश्यक ठरते.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी सुचतात. पहिली, दस्तऐवजाचे नाव नियम, विनियम वा अधिसूचना काहीही असो, त्याचा परिणाम व्यापक असल्यास तो सभागृहासमोर ठेवण्याची तरतूद असावी. दुसरी, अशा दस्तऐवजासोबत तिजोरीबाहेरील भार, विशेषतः जमीन, पाणी व उपजीविका यांवरील परिणाम सांगणारे ज्ञापन असावे. तिसरी, नियोजनाचे अधिकार हितसंबंधी खासगी संस्थेला देण्यासारख्या अपवादात्मक निर्णयांसाठी होकारात्मक ठरावाची अट असावी. दैनंदिन तांत्रिक नियमांना ही प्रक्रिया लागू करण्याचे कारण नाही, अन्यथा प्रशासन ठप्प होईल.

विधिमंडळाने प्रत्येक नियम लिहावा अशी अपेक्षा कोणीच करत नाही. मात्र ज्या नियमाने एखाद्या खोऱ्याचे रूप कायमचे बदलणार आहे, तो नियम होण्यापूर्वी सभागृहाने वाचावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. मुळशीत सभागृहापर्यंत विषय पोहोचला, परंतु तो लेखापरीक्षकाच्या अहवालातून, काम झाल्यानंतर.