नैराश्य ओसरल्यावर : अवधान, स्मरण आणि योगाभ्यास

आमच्या परिचयाच्या एक शिक्षिका नैराश्याच्या आजारातून बऱ्या झाल्या. झोप पूर्ववत झाली, जेवणाला चव आली, कारण नसताना येणारे रडू थांबले. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या शाळेत रुजू झाल्या आणि मग वेगळीच अडचण सुरू झाली. फळ्यावर गणित सोडवताना मधली पायरी डोक्यातून निसटे. हजेरी घेताना एखाद्या मुलाने काही विचारले, की आपण कितव्या क्रमांकावर होतो ते आठवत नसे. पेपर तपासताना एकच उत्तर तीन-तीनदा वाचावे लागे. सहकारी म्हणत, "बाई, आता बऱ्या झालात ना? मग लक्ष कुठं असतं?" चाचण्या जवळ आल्या तेव्हा त्यांनी आम्हाला विचारले, "योगासनं सुरू केली तर डोकं पूर्वीसारखं चालेल का हो?"

याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी आजार गेल्यावर मागे नेमके काय उरते ते आधी पाहायला हवे.

नैराश्यात मन खिन्न होते हे सर्वांना माहीत असते. विचारांचा वेग मंदावतो, निर्णय घेता येत नाहीत, एकाग्रता होत नाही, हीदेखील त्याच आजाराची लक्षणे आहेत. २०१४ साली ब्रिटनमधील संशोधकांनी एकाच संगणकीय चाचणीसंचावर आधारलेले २४ अभ्यास एकत्र करून तपासले. आजार चालू असताना अवधान, स्मरण आणि नियोजन या तिन्हींत घट दिसली. ते अपेक्षितच होते. पण ज्यांची मनःस्थिती सुधारली होती त्यांच्यातही अवधान आणि नियोजन यांमधील घट मध्यम प्रमाणात टिकून होती. स्मरणाच्या बाबतीत मात्र चित्र तेवढे स्पष्ट नव्हते.

हा शेवटचा मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. 'विसरायला होते' अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाची गोष्ट पुष्कळदा मुळात नोंदलीच गेलेली नसते. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, कारण ठेवताना लक्ष तिथे नव्हते. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये 'कार्यकारी स्मृती'ची कल्पना मांडली. हातातल्या कामापुरती माहिती काही क्षण धरून ठेवायची आणि तिच्यावर काम करायचे, ही ती जागा. वर्गातल्या फळ्यासारखी. नैराश्यात माणूस त्याच त्या गोष्टी मनात उगाळत राहतो आणि बरे झाल्यावरही ही सवय लगेच सुटत नाही. म्हणजे तासाला उभे राहावे, तर अर्धा फळा आधीच कोणीतरी लिहून भरलेला!

मेंदूतही काही खुणा आढळतात. दीर्घकाळ ताण असला की कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले राहू शकते. नवी स्मृती तयार करण्यात ज्याचा मोठा वाटा असतो, त्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात कॉर्टिसॉलला प्रतिसाद देणारे ग्राहक विपुल असतात. अमेरिकेत सेंट लुईस येथे १९९६ साली नैराश्याचे झटके येऊन बरे झालेल्या १० जणांची १० निरोगी व्यक्तींशी तुलना करण्यात आली. बरे झालेल्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, आणि नैराश्याचा काळ जितका मोठा, तितका तो अधिक लहान होता. अर्थात, मुळात तो लहान असणाऱ्यांनाच नैराश्य अधिक होत असेल का, हा प्रश्न अशा अभ्यासातून सुटत नाही.

आता योगाकडे वळू. योगाची प्रयोगशाळेत तपासणी करण्याची परंपरा आपल्या जवळचीच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले ते याच हेतूने. परंतु योगाने अमुक सुधारले हे दाखवणे दिसते तितके सोपे नाही. वर्गात पुढील प्रयोग जरूर करून पाहावा.

मुलांच्या जोड्या करा. एकाने सेकंदाला एक या गतीने अंक वाचावेत, दुसऱ्याने ते त्याच क्रमाने म्हणावेत. तीन अंकांपासून सुरुवात करून चुकेपर्यंत एकेक अंक वाढवत न्या. मग तोच खेळ उलट क्रमाने करा : '४, ९, २' ऐकले तर '२, ९, ४' म्हणायचे. उलट क्रमात गुण कमी पडतील, कारण तिथे अंक नुसते धरून ठेवून भागत नाही, ते फिरवावेही लागतात. आता महत्त्वाचा भाग. चार दिवसांनी, मध्ये काहीही न शिकवता, नवे अंक घेऊन हीच चाचणी पुन्हा घ्या. अनेकांचे गुण थोडे वाढलेले दिसतील. चाचणीची सवय झाली, इतकेच! मधल्या चार दिवसांत आपण त्यांना प्राणायाम शिकवला असता, तर श्रेय कोणाला दिले असते? म्हणून योग न करणारा, पण त्याच चाचण्या देणारा दुसरा गट लागतो.

असा दुसरा गट घेऊन झालेला एक अभ्यास २००६ मध्ये आपल्या देशात प्रसिद्ध झाला. नैराश्याचे ३० रुग्ण, सर्वांना नेहमीची औषधे, त्यांपैकी निम्म्यांना आठ आठवडे सहज योगही. औषधांनी दोन्ही गटांत सुधारणा झाली. योगाच्या गटात अवधान आणि उलट क्रमाने अंक सांगणे यांत जादा भर पडली. इथे सुधारलेली क्षमता कार्यकारी स्मृतीची आहे, हे ध्यानात घ्यावे. हेही ध्यानात घ्यावे, की नावात योग असला तरी ही पद्धत मुख्यतः ध्यानाची आहे, आसनांची नव्हे. शिवाय हे रुग्ण अजून आजारातच होते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात २०१३ मध्ये ३० तरुण स्त्रियांवर प्रयोग झाला. वीस मिनिटांच्या हठयोगानंतर त्यांची कार्यकारी स्मृती, तेवढाच वेळ ट्रेडमिलवर व्यायाम केल्यानंतरच्या मानाने, सरस ठरली. पण त्या निरोगी होत्या, आणि मोजलेला परिणाम योगानंतर लगेचचा होता. लॉस एंजेलिसला २०१६ मध्ये विस्मरणाची सौम्य तक्रार असलेल्या २५ प्रौढांवर बारा आठवड्यांचा अभ्यास झाला. त्यात योगाचा गट आणि स्मरणतंत्रे शिकणारा गट, दोन्ही स्मरणात सुधारले.

नैराश्यातून बऱ्या झालेल्यांच्या अगदी जवळ जाणारा पुरावा आणखी एका वाटेने येतो. ब्रिटनमध्ये मार्क विल्यम्स आणि ब्रॉडबेंट यांनी १९८६ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तींना एकेक शब्द देऊन त्यावरून एखादा प्रसंग आठवायला सांगितले. अशा व्यक्ती 'सहलीच्या दिवशी पाऊस आला तेव्हा' असे न सांगता 'मी फिरायला जायचो तेव्हा' असे ढोबळ उत्तर देत. पुढे हाच ढोबळपणा नैराश्याच्या रुग्णांत, आणि बऱ्या झालेल्यांतही, आढळला. २००० साली विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी बऱ्या झालेल्यांना सजगतेवर आधारित आठ आठवड्यांचे प्रशिक्षण दिले, तेव्हा तो कमी झाला. या प्रशिक्षणाचे मूळ जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात आहे आणि त्यात बसून करायच्या ध्यानाबरोबर हठयोगातील सावकाश ताणही असतात. श्रेय एकट्या आसनांना देता येणार नाही, हे उघड आहे.

या साऱ्यात समान धागा अवधानाचा आहे, असे आमचे मत आहे. श्वास मोजताना मन भरकटते, ते भरकटले हे कळते, आणि ते पुन्हा श्वासावर आणावे लागते. वीस मिनिटांत हे शंभरदा घडत असेल. उगाळण्यातून बाहेर येण्याची ही तालीमच झाली. म्हणूनच गप्पा मारत उरकलेल्या बारा सूर्यनमस्कारांकडून व्यायामाचे फायदे मिळतील, पण या कामी त्यांचा फारसा उपयोग होईल असे आम्हाला वाटत नाही.

त्या शिक्षिकांना आम्ही आधी डॉक्टरांकडे पाठवले. नैराश्यावरच्या काही जुन्या औषधांनी विस्मरण व सुस्ती येऊ शकते. थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव आणि अपुरी झोप यांनीही तेच होते. औषध स्वतःहून बंद करायचे नाही, हेही बजावले. तसे केल्यास आजार उलटण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी रात्रीच्या औषधाची मात्रा थोडी बदलली आणि योगाला संमती दिली. मग सकाळी पंचवीस मिनिटे : चार-पाच सोपी आसने, सावकाश श्वसन, शेवटी श्वास मोजत शांत बसणे. वर्गात मात्र गणिताची प्रत्येक पायरी आधी कागदावर लिहून न्यायची.

सुरुवातीला त्यांना उलट क्रमाने तीन अंक सांगता येत. दहा आठवड्यांनी पाच येऊ लागले. त्यांनी हौसेने विचारले, "हे योगामुळेच ना?" औषधाची मात्रा बदलली होती, आजाराला आणखी अडीच महिने उलटले होते आणि चाचणी ओळखीची झाली होती, हे आम्ही सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "असेना का, सकाळची पंचवीस मिनिटं मी सोडणार नाही." गणिताच्या पायऱ्यांचा कागद त्या अजूनही वर्गात नेतात, पण हल्ली तो बहुधा घडीच राहतो.