आधी परत आलेल्यांना विचारा

परवा दुपारी जेवणाची भांडी आवरत होते, तोच शेजारची वहिनी दारात येऊन उभी राहिली. हातात शाळेची चिठ्ठी. "ताई, जरा बघा ना. सर म्हणतात, पोरीला क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीला पाठवा. राहायचं-खायचं, शिकायचं, सगळं सरकार करतं. खरं असतं का हो असं?"

पोरगी सातवीत. टेमघरच्या आमच्या रस्त्यावरून ती कधी चालत शाळेत गेलेली मी पाहिलेली नाही, पळतच जाते. यंदा तालुक्याच्या शालेय स्पर्धेत आठशे मीटरला पहिली आली. वडील सायझिंगमध्ये पाळीला जातात. ते म्हणाले, "मुलीला वसतिगृहात? अजिबात नाही." आजीला धास्ती वेगळीच, हातपाय मोडला तर पुढे लग्नाचं काय! आणि वहिनी? तिला रात्रभर झोप नाही. पाठवलं तरी चूक, नाही पाठवलं तरी चूक, असं तिला वाटतंय.

मैत्रिणींनो, मला हा प्रश्न नवा नाही. दहा वर्षांपूर्वी माझ्या मुलाला आम्ही हौसेनं एका खासगी निवासी शाळेत घातलं. शाळेच्या नावातच 'स्पोर्ट्स' होतं. माहितीपत्रकावर निळाशार तरणतलाव, पदकं गळ्यात घातलेली मुलं. आम्ही भुललो. तलावात पाणी फक्त पालकसभेच्या दिवशी असायचं, हे नंतर कळलं. सगळ्या खेळांना मिळून एकच सर. गुडघा दुखतो म्हटलं की "पळ, सुटेल आपोआप" हे उत्तर! दोन वर्षांनी मुलगा गुडघा आणि गणित दोन्ही बिघडवून घरी आला. भिंतीवरच्या पदकांकडे मी बघत बसले, मुलांकडे बघितलंच नाही, ही चूक माझी.

म्हणून वहिनीला आधी सरकारी योजनेची माहिती नीट सांगितली. क्रीडा प्रबोधिनी ही राज्य शासनाच्या क्रीडा खात्याची निवासी योजना आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडीला जे शिवछत्रपती क्रीडा संकुल उभं राहिलं, तिथे आणि राज्यातल्या इतर काही शहरांत ती चालते. निवास, भोजन, शिक्षण, प्रशिक्षण, खेळाचं साहित्य यांचा खर्च शासन करतं. अर्ज आणि चौकशी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. मध्ये कुणी "मी काम करून देतो" म्हणणारा भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवायचं. वयाची अट, खेळांची यादी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत बघायची, गेल्या वर्षीच्या कात्रणावर जायचं नाही.

चाचणीला लोक उगाच घाबरतात. राज्य-राष्ट्रीय स्तरावर खेळलेल्या मुलांचा मार्ग वेगळा असतो, पण आपल्या पोरीसारख्या नव्या मुलांचं मैदानावर अंग तपासतात. उंची, वजन, तीस मीटर धाव, आठशे मीटर धाव, दहा-दहा मीटरच्या सहा फेऱ्या, जागेवरून लांब उडी, जागेवरून उंच उडी, मेडिसीन बॉल फेकणं आणि बसून पुढे वाकल्यावर हात किती पोचतो ते. आज किती पदकं आहेत यापेक्षा या शरीरात उद्या काय दडलंय, हे त्यांना बघायचं असतं.

यातूनच एक गोष्ट निघते, जी आईबापांच्या लक्षात येत नाही. मूल कोणत्या खेळात जाईल, हे तुम्ही घरी बसून ठरवू शकत नाही. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव जिल्हा परिषदेच्या शाळेत धावायचा. घरी आईवडिलांची मजुरी. शाळेतल्या शिक्षकांनी त्याला पुढे आणलं, तो क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि अमरावतीला त्याच्या हाती धनुष्य आलं. ताकद कमी पडते म्हणून तिथून परत पाठवण्याची वेळ आली होती, पण त्याला आणखी एक संधी मिळाली. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत भारताच्या रौप्यपदक विजेत्या संघात तो होता, २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला गेला. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये प्रबोधिनीत गेला, वर्षभरानं त्याने नेमबाजी निवडली आणि २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिम्पिक कांस्य मिळवलं. म्हणजे निवड आणि पदक यांत पंधरा वर्षं! मुलींचंही तसंच. फलटण भागातल्याच अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके पुण्याच्या प्रबोधिनीत हॉकी शिकल्या आणि पुढे भारताच्या संघातून खेळल्या.

ही नावं सांगितल्यावर वहिनीचे डोळे चमकले. तिथेच मी तिला थांबवलं. म्हटलं, अगं, एका प्रवीणबरोबर त्या वर्षी आणखी कितीतरी मुलं आत गेली असतील. ती आज कुठे आहेत? आपली पोरगी त्यांच्यातलीच एक निघण्याचा संभव जास्त.

मग शाळा सरकारी असो, महापालिकेची असो (पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनीही खेळाच्या शाळा चालवल्या आहेत) नाहीतर खासगी. बघायला जाताना परत आलेल्या एका तरी मुलाचं घर आधी गाठायचं. शाळेतले सर, तालुक्याच्या मैदानावरची मंडळी पत्ता देतात. त्याच्या आईला विचारायचं, मूल परत का आलं? कामगिरी घसरली म्हणून की दुखापत झाली म्हणून? तेव्हा उपचार कुणी केले? शाळा बदलली तेव्हा वर्ष वाया गेलं का? दहावीची तयारी स्पर्धांच्या धामधुमीत कशी झाली? ज्या आईने हे भोगलंय, ती जे सांगेल ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

शाळेत जायचं तेही सकाळी सहाला. पालकसभेच्या दिवशी नको. प्रशिक्षक मैदानावर आहेत का, एका प्रशिक्षकाकडे किती मुलं आहेत, हे डोळ्यांनी मोजायचं. स्वयंपाकघरात डोकावायचं. साहेबांना न विचारता मुलांनाच विचारायचं, "काल रात्री काय होतं रे जेवायला?" पोरं खोटं बोलत नाहीत. दिवसभर शाळा आणि दोन वेळ सराव करणाऱ्या मुलाला वरण-भाताबरोबर अंडी, दूध, उसळ, शेंगदाणे लागतातच.

मुलगी असेल तर आणखी चार प्रश्न लाज न बाळगता विचारायचे. वसतिगृहात बाई अधीक्षक रात्री मुक्कामी असतात का? मुलींना शिकवायला बाई प्रशिक्षक आहेत का? पाळीच्या दिवसांत सरावाचं काय? सराव खूप आणि खाणं कमी झालं तर मुलींची पाळी महिनोन् महिने बंद होते, हाडं ठिसूळ होतात. "खेळाडूंना असं होतंच" म्हणून ते सोडून द्यायचं नसतं, डॉक्टरांना दाखवायचं असतं. रक्तातलं हिमोग्लोबिन वर्षातून किती वेळा तपासतात, तेही विचारायचं. आणि कुणी नको तिथे हात लावला तर कुणाला सांगायचं, हे पोरीला पाठ हवं. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, चाईल्डलाईनचा १०९८ हा नंबर फुकट लागतो. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तो लिहूनच ठेवा.

एक सांगायचं राहिलं. जन्मतारीख खाली करून आणण्याच्या भानगडीत पडू नका. वयाची शंका आली तर मनगटाचा एक्स-रे काढतात आणि मग मुलाचं सगळंच जातं. खेळाडूंना सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे हे खरं, पण तिथेही प्रमाणपत्राची पडताळणी होते.

हे सगळं ऐकून वहिनी गप्प झाली. मला वाटलं, घाबरली. पण रविवारी ती आणि तिचे मिस्टर दोघं, नारळ घेऊन नव्हे, वही घेऊन, अशाच एका परत आलेल्या मुलीच्या घरी जाऊन आले. ती मुलगी दोन वर्षं राहून आली, आता बारावीला आहे. तिच्या आईनं दीड तास बोलून दाखवलं, बरंही आणि वाईटही. निघताना मिस्टरांनी त्या मुलीलाच विचारलं, "परत जाशील का गं?"

ती म्हणाली, "जाईन. पण या वेळी आईला दर महिन्याला यायला सांगेन."

सायझिंगवाले आमचे शेजारी त्या दिवसापासून "नाही" म्हणायचे थांबलेत. "हो" म्हटलेलं नाही अजून. रात्रपाळी संपवून सकाळी घरी न येता पोरीला घेऊन ते धोबी तलावच्या टावरे स्टेडियमला जातात आणि कठड्यावर बसून, डोळे चोळत चोळत, तिच्या फेऱ्या मोजतात.