गोळी, उंची आणि पुढची पिढी

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीसारख्या गावात पोरगं एका जागी ठरत नसलं, की ‘पायाला भिंगरी लागलीय’ म्हणून विषय संपतो. अशा काही मुलांना खरोखरच एडीएचडी (अवधान टिकवणं अवघड जाणं आणि अतिचंचलता) असतो आणि त्यातल्या काहींना डॉक्टर मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध लिहून देतात. मग आई-बापाला घोर लागतो: पोराची वाढ खुंटणार नाही ना? पुढं लेकराबाळांना काही होणार नाही ना?

या औषधांचा वापर सुरू झाला तेव्हा हे प्रश्न कुणी फारसे विचारले नव्हते. 1937 साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या 30 मुलांना बेन्झेड्रिन हे अ‍ॅम्फेटामिन गटातलं उत्तेजक औषध दिलं. निम्म्याच्या आसपास मुलांचा अभ्यास झपाट्यानं सुधारला. 1944 साली स्वित्झर्लंडमध्ये मिथाइलफेनिडेट तयार झालं आणि 1954 पासून ते ‘रिटालिन’ नावानं बाजारात आलं. औषध लागू पडतं, एवढ्यावरच तेव्हा समाधान होतं.

वाढीची शंका ठळकपणे पुढे आली ती 1972 साली. डॅनियल सेफर आणि सहकाऱ्यांनी औषध घेणाऱ्या मुलांची उंची आणि वजन मागे पडत असल्याचं दाखवून दिलं. पुढे 579 मुलांच्या ‘एमटीए’ या मोठ्या अभ्यासातून आकडा हाती आला. तीन वर्षं औषध घेतलेली मुलं न घेतलेल्यांपेक्षा सुमारे 2 सेंटिमीटर कमी वाढली होती. मोठेपणीही ज्यांनी औषध बराच काळ घेतलं, त्यांच्यात सुमारे अडीच सेंटिमीटरचा फरक राहिला. भूक मरते, डबा तसाच परत येतो, हे त्यामागचं एक कारण.

2005 हे वर्ष घबराटीचं ठरलं. टेक्सासमधल्या मिथाइलफेनिडेट घेणाऱ्या अवघ्या 12 मुलांच्या पाहणीत गुणसूत्रांना इजा दिसली. नंतर जर्मनीत आणि अमेरिकेत झालेल्या अभ्यासांत ती दिसली नाही आणि ती भीती ओसरली. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमानं प्रजनन आणि विकासावरचा सगळा पुरावा तपासला. माणसांबाबत ठाम निष्कर्ष काढण्याइतकी माहितीच नाही, असं त्यांना आढळलं. ज्या औषधाची पन्नाशी उलटली होती, त्याची ही अवस्था अस्वस्थ करणारी आहे.

गरोदरपणाबद्दल मोठा पुरावा 2018 मध्ये आला. पहिल्या तिमाहीत मिथाइलफेनिडेट घेतलेल्या दर हजार स्त्रियांमागे हृदयदोषाची सुमारे 3 बाळं जास्त आढळली. अ‍ॅम्फेटामिनच्या बाबतीत अशी वाढ दिसली नाही. धोका लहान आहे, पण आज तिसरीत असलेली मुलगी उद्या सासरी जाणार आहे. तिला हे वेळेवर कुणीतरी सांगायला हवं.

आपल्याकडे मिथाइलफेनिडेट अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं, त्यामुळे ते कुठल्याही दुकानात सहज मिळत नाही. मुलांच्या आरोग्य तपासणीसाठी 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या तपासणीच्या यादीत एडीएचडीचा समावेश झाला. या कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. मुलं भिंतीला टाच टेकवून ताठ उभी राहतात, मग काट्यावर चढतात, आकडे नोंदले जातात. पण औषध चालू असलेल्या मुलाला वर्षातून एक नोंद पुरत नाही. त्याची उंची दर सहा महिन्यांनी मोजावी लागते, वजन, नाडी आणि रक्तदाबही नियमित पाहावा लागतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. औषध सुरू करण्याआधीची उंची आणि वजन मुलाच्या आरोग्य कार्डावर लिहा, आणि पुढचे आकडे त्याच कार्डावर त्याच ओळीत येऊ द्या. गोळी न्याहारीनंतर द्या. वाढ अडली तर मनानं औषध बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि वयात आलेल्या मुलीशी गर्भधारणेबद्दल मोकळेपणानं बोला. औषधाचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक मुलाचा हा हक्क आहे, मग ते मुंबईचं असो वा तामलवाडीचं.