शाळेची इमारत स्पर्धेत उतरते तेव्हा

मंडळी, मुलांच्या स्पर्धा आपण नेहमी पाहतो. कुणी धावण्यात पहिला येतो, कुणी वक्तृत्वात. पण ज्या खोलीत ही मुले रोज पाच-सहा तास बसतात त्या खोलीचीही स्पर्धा असते आणि तिलाही बक्षीस मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. येलदरीच्या परिसरातील गुरुजी म्हणतील, "आम्हाला कामे काय थोडी आहेत, त्यात हा आणखी एक अर्ज?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच ही स्पर्धा काय असते आणि तिच्यातून गावाच्या पदरात काय पडते, ते नीट पाहू.

जवळचेच उदाहरण घ्या. आपल्या राज्यात 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' हे अभियान झाले. त्याचा पहिला टप्पा १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२४ असा होता. सरकारी शाळांचा एक गट आणि खाजगी शाळांचा दुसरा. तालुक्याला पहिले बक्षीस ३ लाखांचे, तर राज्यात पहिले ५१ लाखांचे. सरकारी गटात राज्यात पहिली आली ती वाशिम जिल्ह्यातील साखऱ्याची जिल्हा परिषद शाळा! म्हणजे हे मान काही पुण्या-मुंबईलाच मिळतात असे नाही. अर्थात त्या अभियानात इमारत हा गुणांचा एकच भाग होता.

केवळ बांधकामासाठी असणारे मोठे पुरस्कार वेगळे. जुन्या वास्तू नीट जतन करणाऱ्यांना युनेस्को आशिया-पॅसिफिक विभागात पुरस्कार देते. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरला आणि ग्रंथालयाच्या इमारतीला तो २०१८ साली मिळाला. आपल्या मराठवाड्यात निजामकालीन शाळा पुष्कळ आहेत. त्या पाडाव्यात की सावराव्यात, हा निर्णय घेण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याला एकदा दाखवाव्यात, एवढे तरी यातून शिकावे.

आता जरा दूर जाऊ. आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा देश आहे. तेथे ऊन आपल्यासारखेच, किंबहुना कांकणभर जास्तच. गांदो या खेड्यातील फ्रान्सिस केरे हा मुलगा बर्लिनला वास्तुशास्त्र शिकायला गेला. शिकत असतानाच त्याने गावासाठी पैसा जमवला आणि गावकऱ्यांना हाताशी घेऊन शाळा उभी केली. ती २००१ साली पुरी झाली. विटा गावच्याच मातीच्या, त्यात थोडे सिमेंट. छत विटांचे, आणि त्याच्यावर बरेच अंतर सोडून पत्र्याचे छप्पर. खोलीतील गरम हवा छतातल्या फटींतून वर जाते आणि मधल्या पोकळीतला वारा ती वाहून नेतो. पत्रा तापतो, पण त्याची धग मुलांच्या डोक्यावर उतरत नाही. या शाळेला २००४ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पुढे २०२२ मध्ये केरे यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळाले. वास्तुविशारदांना ते नोबेलसारखेच वाटते. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांना ते २०१८ साली मिळाले होते.

बांगलादेशात रुद्रपूर येथे तर माती आणि बांबूची दुमजली शाळा आहे. तिलाही २००७ साली आगाखान पुरस्कार मिळाला. पाया पक्क्या विटांचा, आणि ओल वर चढू नये म्हणून मध्ये अडसर. "मातीचे काय टिकणार?" असे कुणी म्हणेल. पण येलदरीकरांनी तरी असे म्हणू नये. पूर्णेचे एवढे पाणी तुमच्या डोळ्यांसमोर मातीच्याच धरणाने अडवून धरले आहे ना! मातीचा दोष नसतो, ती कशी वापरली याला महत्त्व असते.

आता अर्जाचे पाहू. बहुतेक ठिकाणी पाच गोष्टी लागतात. पहिली, मापासह नकाशा. त्यावर उत्तर दिशा दाखवलेली हवी. दुसरी, छायाचित्रे. उद्घाटनाच्या दिवशीची फुलांच्या माळांची नकोत, मुले बसलेली हवीत. तिसरी, हिशेब: बांधकामाचे वर्ष, खर्च, सामान कोठून आणले, मुले किती, खोल्या किती. चौथी, मालकाची संमती. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर तिची, आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठरावही जोडावा. पाचवी, एक पानभर निवेदन. त्यात 'भव्य', 'रमणीय' असले शब्द घालू नयेत. एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता वर्गात आणि बाहेर सावलीत तापमापक ठेवून सात दिवस आकडे लिहावेत. शेवटच्या बाकावरून फळा दिसतो का, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी बारा महिने असते का, चाकाच्या खुर्चीवरचे मूल वर्गात जाऊ शकते का, हे लिहावे. वास्तुविशारदाबरोबर गवंड्याचेही नाव घालावे, ते विसरू नये.

आणि एक धोक्याची गोष्ट सांगतो. बक्षिसाच्या नादाने भिंतीवरची भेग गिलावा करून, वर सुंदर चित्र काढून झाकली जाते. आपल्या भागात काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर दरवर्षी भिंत हलते. अशी भेग झाकणे म्हणजे मुलांच्या जिवाशी खेळ. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना तारीख लिहून ठेवा. दोन महिन्यांनी ती पुढे सरकलेली दिसली तर रंगारी नको, अभियंता बोलवा. इमारतीभोवती फरशीचा उतरता पट्टा करा, पन्हळीचे पाणी पायाशी मुरू देऊ नका. आगाखान पुरस्काराच्या निवडीत जाणकार प्रत्यक्ष जागेवर जाऊन इमारत तपासतात, तेव्हा वरवरचा रंग कामाला येत नाही.

बक्षीस एकालाच मिळते. पण अर्जासाठी जमवलेले हे आकडे आणि हा नकाशा ग्रामसभेत ठेवला, तर दुरुस्तीची मागणी "शाळा गळते हो" एवढ्यावर थांबत नाही. कोणती खोली, कोणता कोपरा, किती अंश उष्णता, सारे कागदावर येते. आणि अशी मागणी नाकारणे जड जाते. म्हणून स्पर्धेची जाहिरात येण्याची वाट पाहू नका. गुरुजींनी सातवीच्या मुलांना टेप द्यावी आणि म्हणावे, "चला रे, आज आपली शाळा मोजू या." क्षेत्रफळाचा धडाही त्यातच होऊन जाईल.