मॉरल सायन्सचा तास

एप्रिल 2024 मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांना सूचना धाडल्या: परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा, सर्वधर्मीय प्रार्थनेला खोली ठेवा, इतर धर्मांच्या मुलांवर आपले रिवाज लादू नका. बातमी येताच आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने टाकलं, 'आता कशी जिरली!' तो माझाच वर्गमित्र. आम्ही दोघंही कॉन्व्हेंटचे. म्हणून जास्त लागलं.

फार मागे जात नाही. बोरिवलीतल्याच मंडपेश्वरच्या शैव लेण्यात पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कनांनी चर्च थाटलं, हे इथल्या दर वादात कुणीतरी उकरतंच. 1954 मध्ये मुंबई सरकारने अँग्लो-इंडियन सोडून बहुतेक भारतीय मुलांना इंग्रजी माध्यमाचं दार लावायचा हुकूम काढला आणि तो सुप्रीम कोर्टात टिकला नाही, एवढं सांगून पुढे सरकतो.

मला आठवतं ते 1980 नंतरचं दशक. फॉर्मसाठी बाबा पहाटे चारला फाटकापाशी उभे होते, खिशात गणपतीच्या अंगाऱ्याची पुडी. फाटकावरचा क्रूस रांगेतल्या कुणालाच खुपला नाही. सकाळी 'अवर फादर', संध्याकाळी शुभंकरोती, असं आमचं बिनबोभाट चालायचं. आठवड्यातून दोनदा घंटा झाली की कॅथलिक मुलं कॅटेकिझमला जायची आणि उरलेले आम्ही मॉरल सायन्सला. संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे संविधानाचं कलम 28 तेव्हा कुणाला ठाऊक! आमच्या वाट्याला प्रामाणिक लाकूडतोड्या, त्यांच्या वाट्याला पवित्र त्रैक्य. डुलक्या दोन्हीकडे सारख्याच.

धर्म कुणी बाटवला नाही. जीभ मात्र बाटली. मराठी बोललं की चार आणे दंड, टीचरच्या टेबलावरच्या डब्यात. माझ्या बाकावरचा मुलगा ईस्ट इंडियन, म्हणजे इथलाच मराठी बोलणारा कॅथलिक, गोराईहून होडीने खाडी ओलांडून यायचा. त्याची मराठी माझ्यापेक्षा रसरशीत, त्यामुळे सगळ्यात जास्त चार आणे त्याचेच गेले. क्रूस गळ्यात असून सुटका नाही. मी घरी कुरकुर केली तर बाबा म्हणाले, "बरंय की, इंग्रजी सुधारेल."

पुढची वर्षं भराभर गेली. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळलं, तेव्हा हे लाड मलाही खटकले. तोवर उपनगरातल्या मराठी शाळांच्या तुकड्या एकेक करून बंद पडत होत्या; त्यांच्यासाठी पहाटे चारला रांग लावणारं कुणी नव्हतं. अखेर 2020 मध्ये, महाराष्ट्रात, मराठी शिकवण्याची सक्ती करायला कायदा करावा लागला.

आज क्रूसावर भांडायला सगळे तयार. डब्यातल्या चार आण्यांचा हिशेब कुणी मागत नाही, कारण तो डबा आपल्याच आईबापांच्या संमतीने भरत होता. त्या मेसेजवाल्या वर्गमित्राचा मुलगा इंटरनॅशनल शाळेत जातो, आजीशी इंग्रजीत बोलतो.

परवा तो मेसेज पुन्हा काढून पाहिला. 'आता कशी जिरली' त्याने रोमन लिपीत टाइप केलं होतं. चार आणे मागावेत असं फार वाटलं.