पिलांचे वाकडे पाय : वेळीच ओळखा, वेळीच सरळ करा



माण-खटाव असो की जत-आटपाडी, परसातल्या दहा-वीस कोंबड्या म्हणजे घरच्या बाईचा हातखर्च. खुडूक कोंबडीखालून पिलं निघतात आणि त्यांतलं एखादं लंगडतं. "जगायचं नाही ते," म्हणून आपण ते सोडून देतो. पण असं पिलू बहुधा पायाच्या दुखण्यानं मरत नाही. दाण्यापाण्यापर्यंत पोचता येत नाही, म्हणून मरतं. तेव्हा पाय कधी आणि कसा बिघडला, ते आधी पाहा.

१) जन्मतःच बोटं वाकडी : उबवताना उष्णता कमी-जास्त झाली, किंवा अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात ब-२ जीवनसत्त्व कमी पडलं, तर असं होतं. कधी दोष वंशातूनही येतो. पहिल्या एक-दोन दिवसांत हाडं कोवळी असतात. जाड कागदाचा पंजाएवढा तुकडा कापावा, त्यावर बोटं सरळ पसरून चिकटपट्टीनं हलकेच बसवावीत. पट्टी दोन-तीन दिवस ठेवावी व रोज पाहावी.

२) पाय दोन बाजूंना फाकलेले : पिलांखाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलं की पाय घसरतात. कागदावर गोणपाट टाकावं. दोन्ही पाय नेहमीच्या अंतरावर राहतील अशी मऊ कापडाची पट्टी सैलसर बांधावी. बहुतेक पिलं दोन-चार दिवसांत सावरतात.

३) दोन-तीन आठवड्यांची पिलं बोटं आत मुडपून घोट्यावर बसतात : ही ब-२ ची कमतरता. नुसत्या ज्वारी-मक्याच्या कण्यांवर वाढवलेल्या पिलांत ती दिसते. डॉक्टरांना विचारून ब-२ असलेलं औषध पाण्यातून लगेच द्यावं. उशीर झाला की नसा कायमच्या बिघडतात आणि मग औषधाचा उपयोग होत नाही.

४) घोटा सुजून पाय बाजूला वळलेला : घोट्यामागची शीर जागेवरून सरकलेली असते. मँगनीज किंवा कोलीन कमी पडल्यानं असं होतं. हा पाय सहसा बरा होत नाही. बाकीच्या पिलांचं खाद्य मात्र लगेच सुधारावं.

एक पाय पुढे, एक मागे टाकून पक्षी लुळा पडला, तर तो मरेक्स रोग असू शकतो. हे दुखणं बहुधा मोठ्या तलंगांत दिसतं. त्यावर औषध नाही. लस पहिल्याच दिवशी टोचावी लागते, म्हणून पिलं विकत घेताना लसीची चौकशी करावी.

पाय बिघडूच नयेत म्हणून पिलांना तयार 'चिक स्टार्टर' खाद्य द्यावं. अंड्यावरच्या कोंबड्यांना रोज थोडा कोवळा लसूणघास चिरून टाकावा. पहिल्या आठवड्यात पिलांजवळ ९५ अंश फॅरनहाइट ऊब ठेवावी व पुढे दर आठवड्याला ५ अंशांनी कमी करावी. दुबळं पिलू वेगळ्या डालग्याखाली ठेवून दाणापाणी त्याच्या चोचीजवळ ठेवावं.

जन्मतः वाकड्या बोटांचा पक्षी अंड्यांसाठी किंवा खाण्यासाठी चालेल, पण पैदाशीला ठेवू नये. एकाच वेळी अनेक पिलं लंगडू लागली, तर वाट न पाहता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दोन पिलं आणि मूठभर खाद्य घेऊन जावं.