अचलपूरचा डास आणि परळची प्रयोगशाळा



मेळघाटातल्या पाड्यांसाठी आपण मच्छरदाण्या पाठवता. दादरच्या एका भगिनीने परवा मला विचारले, "मुंबईत टाक्या झाका म्हणतात, तिकडे मच्छरदाण्या का? डास तो डासच ना?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ज्यांच्या कामात सापडते, त्या शास्त्रज्ञाने बरीच वर्षे आपल्या परळमध्ये काम केले.

विल्यम ग्लेन लिस्टन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. रोनाल्ड रॉस यांना 1897 साली सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. त्यानंतर थोड्याच वर्षांत लिस्टन वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या आजच्या अचलपूरला होते. कोणता डास कोणत्या पाण्यात वाढतो, हे ते पाहत होते. 1901 साली त्यांनी तिथल्या एका डासाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला स्टीफन्स या मलेरिया संशोधकाचे नाव दिले: अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्साय.

डास उडताना दिसतो, पण त्याचे बालपण सगळे पाण्यात जाते. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा म्हणतात ते यासाठीच. अळीही ओळखता येते. मलेरियाच्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते, इतर बहुतेक डासांची डोके खाली करून तिरकी लोंबते. पाड्यावरची शाळकरी मुले हा फरक एका दुपारी शिकतात, मोठ्यांना जरा वेळ लागतो.

पुढे लिस्टन परळच्या प्रयोगशाळेत आले. हाफकिन यांची ती प्लेगची प्रयोगशाळा, 1925 पासून हाफकिन इन्स्टिट्यूट. मुंबईत प्लेगने माणसे मरत होती. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे अंग शोधतात आणि रोग माणसाकडे येतो, हे लिस्टन यांनी घरांत गिनीपिग ठेवून तपासले. गिनीपिगच्या अंगावर उंदराच्याच पिसवा सापडल्या.

इकडे त्यांनी नाव दिलेला डास मुंबईच्या विहिरींत सुखाने वाढत होता. 1911 मध्ये डॉ. बेंटली यांनी शहरातल्या मलेरियाचे मूळ घरोघरच्या विहिरींत दाखवले. महापालिकेने विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका म्हटले आणि मोठा वाद झाला. धर्मविधीचे पाणी उघडे हवे, त्यावर ऊन पडायला हवे, असे अनेक हिंदू व पारशी कुटुंबांचे म्हणणे होते. रुस्तम मसानी यांनी विहिरींच्या लोकसमजुतींवर 1918 मध्ये पुस्तक लिहिले, त्यामागे हाच वाद होता. मला वाटते, पाण्याविषयीची श्रद्धा समजून न घेता आरोग्याचे काम करू पाहणाऱ्याने ते जरूर वाचावे. आपल्या पाड्यांवरही झऱ्याला हात लावण्याआधी गावातल्या जाणत्यांशी बोलावेच लागते.

आता त्या भगिनीचे उत्तर. स्टीफेन्साय विहिरीत, टाकीत, पिंपात वाढतो. तिथे झाकण पुरते. डोंगराळ भागात मलेरिया पसरवणारे डास बहुधा वेगळे असतात. क्युलिसिफेसीज पावसाच्या डबक्यांत आणि नदीकाठच्या खळग्यांत वाढतो, फ्लुव्हिएटिलिस हळू वाहणाऱ्या ओढ्याच्या काठाशी. ओढ्याला झाकण घालता येत नाही. म्हणून डास रात्री झोपलेल्या माणसापर्यंत पोचू नये, अशी सोय करायची, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचे. औषध लावलेली जाळी ओढ्यात धुऊ नये, कारण ते औषध माशांना मारक असते; धुतल्यावर ती सावलीत वाळवावी.

मात्र पाड्यांवर आता नळ येत आहेत. नळाला रोज पाणी नसते, मग दारात पिंपे भरून ठेवतात. शहरातल्या डासाला एवढे पुरेसे आहे. लिस्टन यांचा स्टीफेन्साय 2012 मध्ये आफ्रिकेत जिबूतीला पोचला आणि नंतर इथिओपियातही सापडला, तोही अशाच साठवलेल्या पाण्यात. त्यामुळे या वेळच्या यादीत मच्छरदाण्यांबरोबर पिंपावर बांधायचे जाड सुती कापडही मागितले आहे. जुनी धोतरे चालतील, फक्त फाटकी नकोत.